एक खूण, अख्खा पक्ष: मिशिगनमधील प्रचारबिल्ल्यांच्या संग्रहाच्या प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५

मिशिगनमधील आमच्या काउंटीच्या छोट्या इतिहास संग्रहालयाला एका स्थानिक कुटुंबाने निवडणूक प्रचाराच्या जुन्या बिल्ल्यांचा संग्रह देणगी म्हणून दिला असून, त्याच्या नोंदणीचे काम स्वयंसेवक म्हणून आजपासून माझ्याकडे आले आहे. संग्रहालयाची अधिकृत नोंदवही इंग्रजीतच भरावी लागेल. पण काम करताना पडणारे प्रश्न आणि मिळणारी उत्तरे मराठीत मांडून ठेवली तर हा विषय ज्यांना नवा आहे अशा आपल्या वाचकांपर्यंतही तो पोहोचेल, म्हणून ही स्वतंत्र वही सुरू करीत आहे.

संग्रह बुटांच्या चार खोक्यांत आणि बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात आहे. डबा अजून उघडलेला नाही. खोक्यांतील नग आजच्या पहिल्या मोजणीत ४१२ भरले. इथे या वस्तूला बटण म्हणतात, आणि त्याचे कारण असे की १७८९ साली जॉर्ज वॉशिंग्टनच्या शपथविधीच्या वेळी लोकांनी वापरलेली पितळी स्मरणचिन्हे ही खरोखरच कोटाला शिवायची बटणे होती. मी मात्र 'बिल्ला' हाच शब्द वापरणार आहे, कारण आपल्याकडे निवडणुकीत छातीवर लावतात तो बिल्ला आणि ही वस्तू यांचे काम एकच आहे.

कच्ची वर्गवारी करताना राष्ट्राध्यक्षपदाचे, गव्हर्नरपदाचे (इथे गव्हर्नर म्हणजे राज्याचा निवडून आलेला प्रमुख) आणि स्थानिक पदांचे असे तीन ढीग सहज झाले. चौथा ढीग अनपेक्षितपणे तयार झाला. त्यातील ३७ बिल्ल्यांवर कोणाचाही चेहरा नाही आणि कोणाचेही नाव नाही. 'व्होट स्ट्रेट डेमोक्रॅटिक' किंवा 'व्होट स्ट्रेट रिपब्लिकन' (म्हणजे सगळ्या पदांची मते त्या एकाच पक्षाला द्या) एवढेच, किंवा त्याच अर्थाचे काहीतरी लिहिलेले आहे. त्यांपैकी २२ डेमोक्रॅटिक पक्षाचे, ११ रिपब्लिकन पक्षाचे आणि ४ इतर आहेत. संग्राहकांच्या बाजारात यांना फारशी किंमत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही आज घरी येताना माझ्या मनात हाच ढीग होता.

१८ जानेवारी २०२५

आजचा दिवस साहित्य आणि घडण समजून घेण्यात गेला. १८६० च्या निवडणुकीत लिंकनचे छायाचित्र लोखंडी पत्र्यावर उतरवून ते पितळी चौकटीत बसवीत आणि मागच्या बाजूस उपाध्यक्षपदाचे उमेदवार हॅनिबल हॅम्लिन यांचे चित्र असे. ती वस्तू सुंदर असली तरी लाखोंनी वाटण्याजोगी नव्हती. प्रचाराचा बिल्ला घरोघरी पोहोचला तो १८९६ साली, मॅकिन्ले आणि ब्रायन यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या लढतीत. न्यू जर्सीतील नेवार्क येथील व्हाइटहेड अँड होग या कंपनीने छापील कागदावर सेल्युलॉइडचा पातळ पारदर्शक पापुद्रा चढवून, ते दोन्ही पत्र्याच्या चकतीवर ताणून, मागून धातूच्या कडीने दाबून बसवायचे आणि त्या कडीत तारेची टाचणी अडकवायची, अशी रीत पक्की केली. या कंपनीच्या बिल्ल्यांच्या पोटात बहुधा एक गोल कागद असतो आणि त्यावर १७ जुलै १८९४, १४ एप्रिल १८९६ व २१ जुलै १८९६ या पेटंटच्या तारखा छापलेल्या असतात. आपल्या संग्रहात असा कागद शाबूत असलेले ९ बिल्ले आहेत.

पुढे, साधारण १९२० पासून, सरळ पत्र्यावरच रंग छापून तो साच्याने ठोकून काढलेला स्वस्त बिल्ला मोठ्या प्रमाणावर आला. त्यावर सेल्युलॉइड नसते, त्यामुळे तो पिवळा पडत नाही, पण त्याचा रंग नखानेसुद्धा खरवडतो. सेल्युलॉइडच्या बिल्ल्याचे दुखणे वेगळे आहे: कडेतून ओल आत शिरली की आतला पत्रा गंजतो आणि कागदावर तपकिरी डाग उमटतात, ते कधीच जात नाहीत. म्हणून पाण्याने किंवा ओल्या फडक्याने एकही बिल्ला पुसायचा नाही, हा पहिला नियम मी टेबलासमोर लिहून चिकटवला आहे.

२५ जानेवारी २०२५

दुरुस्ती. मागच्या शनिवारी मॅकिन्लेचा एक बिल्ला मी १८९६ चा म्हणून नोंदवला होता. आज दहापट भिंगाखाली त्याची कड पाहिली, तेव्हा तेथे बारीक अक्षरांत 'ए-ओ-१९७२' असे आढळले. अमेरिकन ऑइल कंपनीने १९७२ साली जुन्या बिल्ल्यांच्या प्रतिकृतींचा संच काढला होता, त्यातला हा आहे. चिन्ह दिसले नसते तरी मला ओळखता यायला हवे होते, कारण मूळ बिल्ला सेल्युलॉइडचा आणि ही प्रतिकृती थेट पत्र्यावर छापलेली आहे. अशा प्रतिकृतींमुळे होणारी फसवणूक थांबावी म्हणून १९७३ साली अमेरिकेत कायदा झाला आणि त्यानंतरच्या प्रत्येक राजकीय प्रतिकृतीवर तिच्या निर्मितीचे वर्ष टाकणे बंधनकारक झाले. संपूर्ण संग्रहाच्या कडा पुन्हा तपासल्या. आणखी ६ प्रतिकृती निघाल्या. त्या वेगळ्या पाकिटात ठेवल्या आहेत, पण टाकून द्यायच्या नाहीत, कारण पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या वस्तूंमध्ये राजकीय इतिहास यावा, हीसुद्धा त्या काळाची एक खूण आहे.

१ फेब्रुवारी २०२५

चौथ्या ढिगाकडे वळण्याआधी 'स्ट्रेट' म्हणजे नेमके काय हे लिहून ठेवणे आवश्यक आहे.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मतपत्रिका सरकार छापत नसे. प्रत्येक पक्ष स्वतःच्या सर्व उमेदवारांची यादी, म्हणजे 'तिकीट', स्वतःच छापून मतदाराच्या हातात देत असे आणि मतदार ती जशीच्या तशी पेटीत टाकत असे. कागदाचा रंग आणि आकार असा निवडलेला असे की मतदार कोणाचे तिकीट घेऊन आला हे लांबूनही ओळखू यावे. एखादा उमेदवार पसंत नसला तर त्याचे नाव खोडायचे किंवा त्यावर दुसऱ्या नावाची चिठ्ठी डकवायची, एवढीच मोकळीक होती. १८८८ साली मॅसॅच्युसेट्सने ऑस्ट्रेलियातील पद्धत राज्यभर लागू करण्याचा कायदा केला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत सरकारने छापलेली गुप्त मतपत्रिका बहुतेक राज्यांत आली.

मात्र या नव्या मतपत्रिकेचे दोन प्रकार झाले. मॅसॅच्युसेट्सच्या पद्धतीत प्रत्येक पदाखाली सर्व पक्षांचे उमेदवार एकत्र छापत, त्यामुळे पदागणिक वेगळी खूण करावी लागे. इंडियानाने १८८९ साली स्वीकारलेल्या पद्धतीत प्रत्येक पक्षाला एक उभा रकाना मिळाला आणि रकान्याच्या डोक्यावर पक्षाचे चिन्ह आले. तेथे एक खूण केली की वरपासून खालपर्यंतच्या सगळ्या पदांसाठी त्या पक्षाच्या उमेदवारांना मत पडत असे. मिशिगनमध्ये ही सोय १८९१ पासून आहे. न्यू यॉर्क राज्यातील लॉकपोर्ट येथे १८९२ साली जेकब मायर्सचे खटक्यांचे मतदान यंत्र प्रथम वापरले गेले आणि पुढे अशा यंत्रांवर पक्षाचा एकच मोठा खटका आला: तो ओढला की त्या पक्षाच्या ओळीतील सगळे छोटे खटके एकदम खाली येत, आणि पडदा उघडेपर्यंत मतदाराला त्यातला एखादा पुन्हा वर करून दुसऱ्याचा खाली करता येत असे.

याला मराठीत काय म्हणावे यावर बराच वेळ गेला. 'एकगठ्ठा मतदान' हा शब्द लगेच सुचतो, पण आपल्याकडे त्याचा अर्थ एखाद्या समाजाने किंवा वस्तीने मिळून एका बाजूला केलेले मतदान असा होतो. इथे मतदार एकटाच आहे आणि त्याची अनेक पदांची मते एका पक्षाला जात आहेत. मी सध्या 'सरसकट पक्षमत' असा शब्द योजला आहे.

८ फेब्रुवारी २०२५

कोल्हापूरहून भावाचा फोन आला असताना त्याला मी कामाविषयी सांगितले. "ताई, यात अवघड ते काय, आपल्या कारखान्याच्या निवडणुकीत पॅनेल टू पॅनेल मत मारा म्हणतात तेच की," असे तो म्हणाला, आणि त्याचे म्हणणे बरेचसे बरोबर आहे. सहकारी साखर कारखान्याच्या संचालक मंडळासाठी मतदाराला अनेक मते द्यायची असतात, अख्ख्या पॅनेलला कपबशी किंवा छत्री असे एकच चिन्ह मिळवण्याची धडपड असते, आणि मते फुटू नयेत म्हणून शेवटच्या रात्रीपर्यंत कार्यकर्ते 'पॅनेल टू पॅनेल'चा घोष करीत असतात. फरक एवढाच की तेथे प्रत्येक मत वेगवेगळेच द्यावे लागते. एका खुणेने सगळे पॅनेल निवडण्याची सोय नसते. भावाच्या एका वाक्यामुळे हे बिल्ले कोणासाठी होते याविषयीची माझी समज पुष्कळ नेमकी झाली: ते विरोधकांना उद्देशून नव्हते, आपल्याच माणसाचा हात मधल्या एखाद्या ओळीवर ढळू नये म्हणून होते.

१५ फेब्रुवारी २०२५

'इतर' म्हणून बाजूला ठेवलेल्या चारांपैकी एकावर केवळ कोंबडा आहे. अक्षर एकही नाही. डेमोक्रॅटिक पक्षाचे चिन्ह म्हणून आज सर्वांना गाढव माहीत आहे, ते टॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने १८७० मध्ये रूढ केले, आणि रिपब्लिकनांचा हत्तीही त्याच्याच कुंचल्यातून १८७४ मध्ये त्या पक्षाला चिकटला. परंतु मतपत्रिकेवर अनेक राज्यांत गाढव नव्हते. इंडियाना आणि केंटकी येथे डेमोक्रॅटिक रकान्यावर कोंबडा असे, तर इंडियानात रिपब्लिकनांचा गरुड आणि केंटकीत लाकडी ओंडक्यांची झोपडी. आमची काउंटी इंडियानाच्या सीमेपासून फार दूर नाही, तेव्हा हा कोंबडा सीमा ओलांडून आला असावा, असे मी शंकेच्या खुणेसह नोंदवले आहे.

चिन्हांचा मागोवा घेताना अलाबामापर्यंत पोहोचले आणि तिथे थांबावे लागले. तेथील डेमोक्रॅटिक पक्षाच्या कोंबड्याभोवती 'गोऱ्यांचे वर्चस्व' या अर्थाचे शब्द अधिकृत मतपत्रिकेवर छापले जात आणि ते १९६६ साली काढले गेले. त्याच राज्यातील लाउंड्स काउंटीत लोकसंख्येच्या सुमारे ८० टक्के लोक कृष्णवर्णीय होते, तरी १९६५ च्या सुरुवातीला त्यांच्यापैकी एकाचेही नाव मतदार यादीत नव्हते. त्याच वर्षी झालेल्या मतदान हक्क कायद्यानंतर नावे नोंदली जाऊ लागली, तेव्हा तेथील लोकांनी लाउंड्स काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशन हा स्वतःचा पक्ष काढला, आणि अक्षरओळख नसलेल्या मतदारांसाठी मतपत्रिकेवर चिन्ह असणे आवश्यक असल्यामुळे काळा चित्ता हे चिन्ह घेतले. ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात ऑकलंड येथे स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षाचे नाव या चित्त्यावरून आले. नोव्हेंबर १९६६ मध्ये लाउंड्समधील त्यांचे उमेदवार पराभूत झाले, पण आयुष्यात प्रथमच मतदान केंद्रात शिरणाऱ्या शेतमजुराला चित्त्यापाशी एक खूण केली की सगळ्या पदांवर आपल्या माणसांना मत पडते, हे सांगता येत होते.

आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत चिन्हे आली तीही अक्षरओळख नसलेल्या मतदारासाठीच, आणि तेव्हा तर प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असून तिच्यावर चिन्ह लावलेले असे. सरसकट पक्षमत म्हणजे पक्षाच्या पुढाऱ्यांनी मतदाराच्या गळ्यात अडकवलेले दावे, असे मत मी स्वतः इथे आल्यावर अनेक वर्षे बाळगून होते. लाउंड्सची हकिकत वाचल्यावर ते मत मला तसेच ठेवता येत नाही.

१ मार्च २०२५

नाव नसलेल्या बिल्ल्याचे वर्ष कसे ठरवावे, हा या प्रकल्पातील सर्वांत चिकाटीचा भाग आहे. चेहरा असला की निवडणूक कळते. इथे कडेवरची अक्षरे, मागची टाचणी आणि छपाईची जात एवढाच आधार. पत्र्यावर थेट छापलेले २६ बिल्ले १९२० च्या अलीकडचे धरले. ज्यांवर कामगार संघटनेची भिंगाशिवाय न दिसणारी मुद्रा आहे त्यांची वेगळी यादी केली. ती मुद्रा डेमोक्रॅटिक बिल्ल्यांवर हटकून सापडते, कारण मोटार कामगारांच्या या राज्यात संघटनेच्या छापखान्याबाहेर छापलेला बिल्ला त्या पक्षाच्या उमेदवाराला वाटणे परवडत नाही. कडेवर रॉचेस्टरच्या बॅस्टियन ब्रदर्सचे आणि शिकागोच्या ग्रीन डक कंपनीचे नाव अनेकदा दिसले. पाच अंकी पिनकोड इथे १९६३ साली सुरू झाला, त्यामुळे एका बिल्ल्यावर पक्ष कार्यालयाच्या पत्त्यात तो आढळताच त्याची आधीची मर्यादा पक्की झाली.

आजअखेर ३७ पैकी २१ बिल्ल्यांना दहा-पंधरा वर्षांच्या आत आणता आले आहे. उरलेल्या १६ बिल्ल्यांबाबत घाई करणार नाही.

८ मार्च २०२५

दुसऱ्या खोक्यातून आंबूस वास येत होता. सेल्युलॉइड हे मुळात नायट्रोसेल्युलोज, ते जुने होऊ लागले की त्यातून आम्लाच्या वाफा निघतात आणि शेजारच्या वस्तूंचा धातूही खातात. बिघडू लागलेले ३ बिल्ले वेगळे केले. बाकीच्यांना आम्लरहित पुठ्ठ्याच्या खणांत हवा खेळती राहील असे ठेवले. प्लॅस्टिकच्या बंद पिशव्या काढून टाकल्या.

२२ मार्च २०२५

आज बिस्किटांचा डबा उघडला आणि संग्रहाकडे पाहण्याची माझी पद्धतच बदलली. आत ११ नग होते, आणि त्यांत 'आय लाइक आइक' लिहिलेला, राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार आयझेनहॉवर (टोपणनाव 'आइक') यांचा बिल्ला व हिरव्या कापडावर पांढरे ठिपके असलेला एक छोटा बो एकाच टाचणीत ओवलेले होते. हिरवा, ठिपक्यांचा बो ही मिशिगनचे गव्हर्नर जी. मेनन विल्यम्स यांची ओळख होती; प्रसाधनांच्या व्यवसायातील मेनन घराण्याचे ते नातू, म्हणून लोक त्यांना 'सोपी' (इंग्रजी 'सोप' म्हणजे साबण, त्यावरून) म्हणत. ते डेमोक्रॅट, आयझेनहॉवर रिपब्लिकन. म्हणजे या घरातील कोणीतरी एकाच कोटावर दोन पक्ष मिरवले.

राज्याचे निकाल पाहिले तर हा माणूस मुळीच एकटा नव्हता. १९४८ मध्ये मिशिगनने राष्ट्राध्यक्षपदासाठी याच राज्यातील ओवोसो गावी जन्मलेल्या रिपब्लिकन टॉमस ड्यूई यांना पसंती दिली आणि त्याच दिवशी गव्हर्नर म्हणून विल्यम्स यांना निवडले. १९५२ आणि १९५६ मध्ये आयझेनहॉवर मिशिगनमध्ये जिंकले आणि दोन्ही वेळा विल्यम्सही जिंकले, त्यातही १९५२ ची लढत इतकी अटीतटीची झाली की फेरमोजणी करावी लागली. सरसकट मताचा खटका डोळ्यांसमोर असूनही हजारो लोकांनी तो बाजूला ठेवला, किंवा ओढल्यानंतर एक छोटा खटका पुन्हा वर केला.

या संग्रहाचे प्रदर्शन मांडायचे आहे, आणि १९६४ हे वर्ष तर त्यासाठी मध्यवर्तीच ठरावे. त्या वर्षी रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर होते. सोन्याचे रासायनिक चिन्ह आणि पाण्याचे सूत्र जोडून त्यांचे नाव लिहिलेला बिल्ला आपल्याकडे ४ प्रतींत आहे. मिशिगनचे रिपब्लिकन गव्हर्नर जॉर्ज रॉम्नी यांनी गोल्डवॉटर यांना पाठिंबा देण्याचे टाळले, आणि संग्रहातील रॉम्नींच्या १४ बिल्ल्यांपैकी एकावरही गोल्डवॉटर यांचे नाव नाही. एरवी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचा चेहरा शेजारी घेऊन स्थानिक उमेदवार आपले बिल्ले काढतात, आणि अशा बिल्ल्याला इथले संग्राहक कोटाच्या शेपटावरून 'कोटटेल' म्हणतात. रॉम्नींनी ते शेपूट हातात धरलेच नाही. गोल्डवॉटर यांचे डेमोक्रॅटिक प्रतिस्पर्धी जॉन्सन यांनी मिशिगनमध्ये सुमारे ६७ टक्के मते मिळवली आणि तरीही रॉम्नी सुमारे ५६ टक्के मतांनी पुन्हा गव्हर्नर झाले.

त्याच वर्षी रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने सरसकट पक्षमताची सोय काढून मॅसॅच्युसेट्स पद्धतीची मतपत्रिका आणण्याचा कायदा केला होता, तो सार्वमताला आला, आणि मतदारांनी तो फेटाळला. विभागून मत देण्याचे कौशल्य ज्यांनी त्याच मतपत्रिकेवर दाखवले, त्यांनीच सरसकट मताची सोय मात्र राखून ठेवली. यात विसंगती आहे असे मला वाटत नाही. रोज पायी जाणाऱ्यालाही गावात एसटी हवीच असते.

५ एप्रिल २०२५

फलकासाठी पुढचा इतिहास आज पूर्ण केला. २००१ साली विधिमंडळाने पुन्हा ही सोय रद्द केली आणि २००२ च्या सार्वमतात मतदारांनी पुन्हा ती परत आणली. २०१५ च्या तिसऱ्या कायद्यात ५० लाख डॉलरची खर्चाची तरतूद घातली गेली. मिशिगनमध्ये खर्चाची तरतूद असलेल्या कायद्यावर सार्वमत मागता येत नाही, त्यामुळे लोकांचा नेहमीचा मार्ग बंद झाला. प्रकरण न्यायालयात गेले. ही सोय काढल्यास रांगा लांबतील आणि त्याचा भार कृष्णवर्णीय मतदारांवर अधिक पडेल, या कारणावरून संघीय न्यायालयाने २०१६ मध्ये कायदा थांबवला. २०१८ च्या सप्टेंबरात वरच्या न्यायालयाने तो लागू होऊ दिला. त्याच नोव्हेंबरात, ज्या मतपत्रिकेवर सरसकट पक्षमताची जागाच नव्हती, त्या मतपत्रिकेवर मतदारांनी तिसऱ्या क्रमांकाच्या प्रस्तावाला सुमारे ६७ टक्के मते देऊन ही सोय थेट राज्यघटनेत घातली. टेक्सास आणि पेनसिल्व्हेनिया यांनी २०२० पासून ती बंद केली आहे. आज मिशिगनसह अलाबामा, इंडियाना, केंटकी, ओक्लाहोमा आणि साउथ कॅरोलायना अशा सहाच राज्यांत ती उरली आहे.

रांगा का लांबतील, हे इथली मतपत्रिका हातात घेतल्याशिवाय कळत नाही. राष्ट्राध्यक्ष आणि सिनेटर यांच्याखाली राज्याचे शिक्षण मंडळ, मिशिगन विद्यापीठ, मिशिगन स्टेट आणि वेन स्टेट या तीन विद्यापीठांची नियामक मंडळे, शेरीफ, काउंटीचा खजिनदार, इतकेच नव्हे तर सांडपाण्याच्या चरांची देखरेख करणारा ड्रेन कमिशनरसुद्धा पक्षाच्या नावावर निवडायचा असतो. मी नागरिक झाल्यावर पहिल्यांदा मत दिले तेव्हा विद्यापीठांच्या ओळींपाशी हात थांबला होता, हे मला आजही आठवते. न्यायाधीशांच्या ओळी आणि सार्वमताचे प्रस्ताव मात्र सरसकट मतात येत नाहीत, तेवढ्यासाठी पान उलटावेच लागते. आणि वरची खूण करूनही एखाद्या पदासाठी दुसऱ्या पक्षाच्या उमेदवारापुढे खूण केली तर त्या पदापुरती ती वैयक्तिक खूणच धरली जाते.

१२ एप्रिल २०२५

मांडणी ठरली. संग्राहकांच्या पद्धतीप्रमाणे राष्ट्राध्यक्षांच्या क्रमाने खण लावावेत, असा संग्रहालयातील ज्येष्ठ स्वयंसेवकाचा आग्रह होता, आणि दोन चेहऱ्यांचे दुर्मिळ बिल्ले पाहायलाच लोक येतात हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. १९२० च्या कॉक्स आणि रूझवेल्ट या डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्राध्यक्ष-उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या जोडीचा बिल्ला मिळावा म्हणून संग्राहक आयुष्यभर वाट पाहतात, आणि तो आपल्याकडे नाही. दीड तास बोलून शेवटी मधल्या काचपेटीत ते ३७ बिनचेहऱ्याचे बिल्ले ठेवायचे, डाव्या हाताला पक्षांनी छापलेल्या तिकिटापासून आजच्या मतपत्रिकेपर्यंतचे नमुने लावायचे आणि उजव्या हाताला १९४८ ते १९६४ चा मिशिगनचा खण करायचा, यावर एकमत झाले. 'आय लाइक आइक' आणि हिरवा बो टाचणीतून सुटे न करता, सापडले तसेच ठेवले आहेत, आणि त्यांच्या खाली दोन्ही निवडणुकांचे त्या दिवसाचे निकाल लिहिले आहेत.

कोंबड्याच्या बिल्ल्याखालील चिठ्ठीवर वर्षाची जागा मोकळी सोडली आहे. मधल्या काचपेटीत आर्द्रतामापक बसवला असून दुपारी चार वाजता त्याचा काटा ३८ टक्क्यांवर होता.